चौथी गोळी

गांधीजींवर चौथी गोळी झाडली गेली होती का, असे तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. सेवाग्रामजवळच्या एका गावात मी अनेक वर्षे शिक्षक होतो आणि दरवर्षी मुलांना बापूकुटी दाखवायला नेत असे, त्यामुळे पारावर बसलो की कुणी ना कुणी विचारतोच, "गुरुजी, गांधीजींना थे चौथी गोळी कोनं मारली जी? सरकारनं दडवलं ना?"

चौथ्या गोळीचा पुरावा नाही. २०१७ मध्ये हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांना न्यायमित्र नेमून कागदपत्रे तपासून घेतली आणि मार्च २०१८ मध्ये फेरतपासाची मागणी फेटाळली. नथुराम गोडसेने तीन गोळ्या झाडल्या, हेच खरे.

तरीही विचारणाऱ्याला मी खुळा मानत नाही. त्याच हंगामात आमच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली होती. बोंड नखाने उकलले की आत अळी दिसे, आणि वेचणीत हाती लागली ती कवडी, म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. पंचनाम्याला बांधावर कुणीही आले नाही. यादीत मात्र माझ्या शेताचे नुकसान ३३ टक्क्यांहून कमी, म्हणून मदतीस अपात्र, असे लिहून आले. स्वतःच्या वावराबद्दल सरकारी कागद खोटे बोलतो हे ज्याने पाहिले, तो दिल्लीच्या कागदावर का म्हणून विश्वास ठेवील?

मला खंत वाटते ती वेगळीच. जे खरोखर घडले आणि गांधीहत्येच्या कटाच्या चौकशीसाठी सरकारनेच नेमलेल्या कपूर आयोगाने नोंदवून ठेवले, त्याबद्दल कुणी विचारीत नाही. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत गांधीजींच्या मुक्कामी, बिर्ला भवनात, स्फोट झाला आणि मदनलाल पहवा जागीच पकडला गेला. त्याने एका साथीदाराचा उल्लेख वृत्तपत्राचा संपादक म्हणून केला होता; तो संपादक म्हणजेच गोडसे. मुंबईत मदनलालच्या ओळखीचे प्राध्यापक जैन यांनी दुसऱ्याच दिवशी मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना कटाची माहिती दिली. एवढे हाती असूनही दिल्ली आणि मुंबईच्या पोलिसांना ते धागे वेळेत जुळवता आले नाहीत, आणि मोकळा राहिलेला गोडसे ३० तारखेला प्रार्थनासभेत पोहोचला.

बापूकुटीच्या अंगणात मी मुलांना २० ते ३० हे दिवस बोटांवर मोजायला लावत असे. एकदा एका मुलीने मोजून झाल्यावर विचारले, "मंग पोलिसायले जाब कवा इचारला?" आयोग १९६६ मध्ये नेमला गेला आणि अहवाल १९६९ मध्ये आला, असे मी तिला सांगितले. तिने पुन्हा बोटे मोजायला घेतली. ती पुरली नाहीत.