अर्धशिशीचा पहिला अर्धा तास

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीला अर्धशिशी आहे हे कळायला आम्हाला जवळजवळ वर्ष लागले, कारण अर्धशिशीत अर्धेच डोके दुखते अशी आमची समजूत होती; लहान मुलांचे मात्र बहुधा सगळे कपाळ दुखते आणि झटका दोन-तीन तासांतही ओसरू शकतो. सोलापूरच्या एप्रिलच्या उन्हातून शाळेतून आली की ती दप्तर टाकून अंधाऱ्या खोलीत पडायची, उलटी झाली की झोपायची आणि उठून खेळायला जायची, म्हणून ‘ऊन लागले असेल’ एवढ्यावर आम्ही विषय सोडून देत असू. सासूबाई सुंठेचा लेप लावत, मीठमोहरीने दृष्ट काढत. त्यांच्या मायेबद्दल तक्रार नाही, पण औषधाची खरी वेळ त्यातच निघून जायची, याची मला आजही खंत वाटते.

बालरोगतज्ज्ञांनी समजावले की झटक्यात पोटाचे काम मंदावते आणि उशिरा दिलेले औषध नीट शोषले जात नाही. म्हणून दुखू लागताच ते द्यायचे आणि वजनाप्रमाणे पुरेसे द्यायचे. आयबुप्रोफेन या वेदनाशामकाची मात्रा किलोमागे 10 मिलिग्रॅम धरतात. लेकीचे वजन 26 किलो, म्हणजे 260 मिलिग्रॅम. 5 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असलेले सिरप असेल तर 13 मिलिलिटर. आम्ही आजवर एक चमचा, म्हणजे निम्म्याहूनही कमी, देत होतो! पॅरासिटामॉल किलोमागे 15 मिलिग्रॅम देतात, परंतु त्याची सिरपे वेगवेगळ्या तीव्रतेची मिळतात, त्यामुळे चमचे न मोजता बाटलीवरचा आकडा वाचावा आणि आपल्या मुलाची मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्यावी. अंगात ताप असेल आणि डेंगीची शंका असेल तर आयबुप्रोफेन देऊ नये. ॲस्पिरिन तर मुलांना घरच्या घरी कधीच देऊ नये, कारण त्यातून रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूचा गंभीर आजार उद्भवू शकतो. एवढ्याने भागले नाही तर ट्रिप्टान गटातली औषधे आहेत, पण तो निर्णय डॉक्टरांचाच. महिन्यात निम्मे दिवस वेदनाशामक लागू लागले, तर त्या औषधानेच डोके दुखू लागू शकते.

अचानक असह्य वेदना, तापासोबत मान ताठ होणे, फिट येणे, चालताना तोल जाणे किंवा पहाटे डोके दुखून उलट्या होणे, यांपैकी काहीही दिसले तर घरी थांबू नये.

आता वर्गशिक्षिकांकडे मात्रा लिहिलेली चिठ्ठी आणि सिरपची बाटली असते. परवा मधल्या सुट्टीत दुखू लागताच लेकीने स्वतः जाऊन सांगितले, औषध घेऊन तासभर झोपली आणि शेवटच्या तासाला पुन्हा वर्गात बसली.