ठिकरीचं मुकं घर

गॅदरिंगला खेळांचा कोपरा दरवर्षी असायचाच, पण झुंबड उडायची ती सुरांच्या ठिकरीपाशी. फक्कीने आखलेली सहा घरं, प्रत्येक घरात संगणकाला तारांनी जोडलेली पुठ्ठ्याची गादी. पाय पडून ती दबली की संगणकातून स्वर वाजतो. लंगडी घालत कुणी निघालं की सा, रे, ग, प, ध, वरचा सा. भूपाचे स्वर मुद्दाम घेतलेले. ते कसेही मागेपुढे वाजले तरी कानाला टोचत नाहीत.

खरी गंमत न वाजणाऱ्या घराची. ठिकरी म्हणजे कौलाचा तुकडा, तिच्या वजनाने गादी दबत नाही. आणि ठिकरीचं घर तर ओलांडूनच जायचं. म्हणजे पहिल्या डावात सा गायब, दुसऱ्यात रे. खुर्च्यांवरच्या आज्या मैदानाकडे न बघता सांगायच्या, "पोरगी पंचमावर आली गं!" खेळाचा नियम असा कानाने कळत असेल तरच तारा जोडाव्यात, नाहीतर नुसता गोंगाट.

गादीला ४५ सेंमीचे दोन चौकोनी पुठ्ठे लागायचे. आतल्या बाजूंना ॲल्युमिनियम फॉइल, कडेपासून २ सेंमी आत. मध्ये ५ मिमी जाडीच्या फोमच्या पट्ट्या. पट्ट्या फार जवळ चिकटवल्या तर पहिलीतलं हलकं पोर कितीही उड्या मारो, सूर निघत नाही. फार लांब चिकटवल्या तर पुठ्ठा मध्ये खचतो आणि एकच स्वर अडकून बसतो. फॉइलच्या जिभा विरुद्ध कोपऱ्यांतून बाहेर काढायच्या, म्हणजे त्या एकमेकींना शिवत नाहीत. दोन फॉइल एकमेकांना टेकल्या की संगणकाला कळ दाबल्यासारखं वाटतं, ते काम मेकी मेकी या छोट्या बोर्डाचं. खालच्या सगळ्या जिभा त्याच्या 'अर्थ'ला, वरच्यांपैकी पाच त्यावरच्या चार बाणांना आणि स्पेसला. सहावं घर बोर्डाच्या मागच्या 'डब्ल्यू'ला. पुढचं 'क्लिक' हाताशी दिसतं, पण ते जोडलं की पडद्यावरचा बाण जिथे असेल तिथे क्लिक होतं आणि भलतंच काही उघडतं.

संगणकावर स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायची मुलांची भाषा. एका पायावर तोल सावरत उभं राहिलं की कळ दाबलेलीच राहते आणि स्वर पुन्हापुन्हा वाजत सुटतो. म्हणून कळ सुटेपर्यंत थांबवणारा ठोकळा हवाच. प्रत्येक स्वराला पडद्यावर एक रंगीत पाकळी उमटायची, मुक्या घराची तेवढी कोरी. त्यासाठी अंधार लागतो, आणि अंधारासोबत डिसेंबरातलं दव येतं. पुठ्ठे मऊ पडू नयेत म्हणून खाली ताडपत्री.

रेघेवर पाय पडलेला मात्र कुठल्याच तारेला कळत नाही. तिथे पोरांचा 'आउट, आउट'चा गलकाच लागायचा.

शेजारी भोवऱ्यांचं टेबल, तिथे वीज नाहीच. सात रंगांची चकती फिरली की पांढरी दिसेल म्हणावं तर राखाडीच दिसते, कारण छापील रंग बराच प्रकाश शोषून घेतात. त्यापेक्षा १८९५ साली इंग्लंडात चार्ल्स बेनहॅम यांनी पुढे आणलेली काळी-पांढरी चकती भारी: अर्धी काळी, उरलेल्या पांढऱ्यावर कमानीसारख्या काळ्या रेघा. जोरात फिरताना काहीच नाही. भोवरा मंदावला की फिकट तांबडी, निळसर वर्तुळं दिसू लागतात. उलटा फिरवला तर रंगांचा क्रमही उलटा. प्रत्येकाला छटा थोडी वेगळी दिसते, त्यामुळे या टेबलावरची भांडणं बक्षीस समारंभ सुरू झाला तरी मिटायची नाहीत.