सिमची नोंद: टेकऑफनंतर इंजिन गेलं, आणि बटण मुलीच्या हातात

सिम म्हणजे सिम्युलेटर, खोलीत बसून विमान उडवण्याचा सराव. मागच्या वेळी मी जरा फुशारकी मारली होती की 1000 फुटांवर इंजिन बंद पडलं तर वळून रनवेवर परत येता येतं. येतं, पण सगळं जुळून आलं तरच.

विमान नेहमीचंच, सेस्ना 172 एस. टाक्या निम्म्या, आत मी एकटा, समोरून 10 नॉट (ताशी सागरी मैल) वारा, रनवे 1500 मीटर. आधी इंजिन मीच बंद करायचो, त्यामुळे कधी जाणार हे हाताला ठाऊक असायचं. म्हणून इंजिन बंद करायचं बटण मुलीकडे दिलं. ती खोलीत माझ्या मागे पुस्तक वाचत बसते आणि मनात येईल तेव्हा दाबते. एखाद्या दिवशी दाबतच नाही, तो दिवस सगळ्यात छळतो.

पहिल्याच दिवशी तिने 400 फुटांवर दाबलं. नंतर रेकॉर्डिंग पाहिलं, तर इंजिनाचा आवाज थांबल्यापासून योक (नाक खाली-वर करायचा दांडा) पुढे जाईपर्यंत जवळपास चार सेकंद गेले होते! नाक अजून चढाईतच, म्हणून तेवढ्यात 74 नॉटचे 58 झाले. मी त्या वेळात काय करत होतो? आरपीएमचा (इंजिनाच्या फेऱ्यांचा) काटा बघत होतो. काट्याकडे बघून इंजिन सुरू होत नाही, हे इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

मग वळण. या विमानाचा ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाशिवाय तरंगत उतरण्याचा वेग 68 नॉट. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) वर असताना सरळ उड्डाणात स्टॉल, म्हणजे पंखांची उचल सुटणं, 48 ला, 45 अंश बँकला (एका बाजूला कललेपणाला) 57 ला आणि 60 अंशांना थेट 68 ला. म्हणजे घाईने विमान 60 पर्यंत आडवं केलं की ग्लाइडचा वेग हाच स्टॉलचा वेग होतो. तिसऱ्या प्रयत्नात रनवे खांद्यामागून दिसेना, म्हणून बँक वाढवत गेलो आणि शिवाय पायाने रडरही (शेपटीचं सुकाणू) दाबला. स्टॉलच्या इशाऱ्याचा हॉर्न वाजला, आतला पंख खाली गेला, पुढे बघण्यासारखं काही उरलं नाही. मुलीने पानही न उलटता विचारलं, ‘‘पडलं?’’

शिवाय 180 अंश वळून भागत नाही. 45 अंश बँकनेसुद्धा विमान रनवेच्या रेषेपासून सुमारे 250 मीटर बाजूला जातं, त्यामुळे जास्त वळायचं आणि मग उलट वळून रेषेवर यायचं. उंची या दोन्हींत जाते.

रनवेवर परत पोचण्याचे माझे आकडे असे: 500 फुटांवरून सहापैकी शून्य. 700 वरूनही शून्य, फक्त दोनदा रनवेच्या अलीकडच्या गवतात पोचलो. 1000 वरून सहापैकी चार. वारा शून्य केला तर तिथेही एकच, कारण चढताना उंची मिळते तसा रनवेही मागे पडत जातो. आणि वारा असला तर परतताना तो पाठीशी येतो, रनवे भराभर संपतो. चारपैकी एकदा मी टोकाबाहेर गेलो. ती ‘यशस्वी’ नोंदवताना जीभ चावली.

आता रनवेवर थांबून मोठ्याने म्हणतो: ‘‘1000 च्या खाली सरळ, फार तर 30 अंश डावी-उजवीकडे. आधी नाक खाली.’’ खोलीत एकट्याने असं बोलणं वेड्यासारखं वाटतं, पण योक पुढे जायला आता दीड सेकंद लागतो. एवढा फरक दुसऱ्या कशानेच पडला नव्हता.

काल इंजिन 350 फुटांवर गेलं. नाक खाली, 70 नॉट, समोर डावीकडे लांबट शेत. मिक्स्चर (इंधन-हवेच्या मिश्रणाचा दांडा) ओढलं, फ्यूएल शटऑफ (इंधन तोडायची कळ) ओढला, इग्निशन बंद. कुंपण पार होणार याची खात्री झाल्यावर पूर्ण फ्लॅप, वेग 65. चाकं नांगरटीला समांतर टेकली, नाकाचं चाक शेवटी रुतलं, विमान उभंच राहिलं. या मालिकेतलं रनवेबाहेरचं पहिलं धड उतरणं. मास्टर स्विच (विजेचा मुख्य स्विच) तेवढा बंद करायचा राहिला. फ्लॅप विजेवर चालतात म्हणून तो सगळ्यात शेवटी ठेवला होता, आणि शेवटी विसरलो.

मुलीने आता नवं शोधून काढलंय: इंजिन पूर्ण बंद न करता अर्धवट खोकत ठेवायचं. आज संध्याकाळी तसं दोनदा झालं. दोन्ही वेळा मी ‘चालतंय की’ म्हणत वळलो. दोन्ही वेळा झाडांत.