गोळी रोज, स्कॅन तीन महिन्यांनी, आणि मधले दिवस

"केमो नाही ना, नुसती गोळी आहे, मग बरंच आहे की!" मावशीला भेटायला येणारं जवळपास प्रत्येक जण हे म्हणतं. चांगल्या मनानंच म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे, केस गेलेले नाहीत, तासनतास सलाइन लावून पडावं लागत नाही, ती कामाला जाते, घरचं बघते. पण या एका वाक्यानंतर तिला पुढे काही बोलताच येत नाही. झोप लागत नाहीये, स्कॅन जवळ आला की घास उतरत नाही, हे सांगायची सोयच उरत नाही, कारण समोरच्यानं आधीच ठरवलेलं असतं की तुझं सोपं चाललंय. मावशीला लंग कॅन्सर आहे, चौथी स्टेज, एएलके पॉझिटिव्ह (म्हणजे कॅन्सरच्या पेशीत एएलके नावाच्या जीनमध्ये बिघाड), आणि टार्गेटेड थेरपीवर तिची तब्येत खरंच चांगली आहे. तिच्यामुळे मी या विषयावर वाचायला लागले आणि जितकं वाचलं तितकं एकच जाणवत गेलं, की गाठ किती कमी झाली हे मिलिमीटरमध्ये मोजतात आणि माणसाचं मन कसं आहे हे मात्र विचारलं तर विचारलं. खरं तर मन हे उपचाराचंच खातं आहे, वेगळं काढता येत नाही. का ते सांगते.

आधी थोडं औषधांबद्दल. केमो भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर जाते, टार्गेटेड औषध कॅन्सरच्या पेशीतला एखादा ठराविक बिघाड हेरून तिथेच अडवतं. यातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे इमॅटिनिब. सीएमएल नावाच्या ब्लड कॅन्सरमध्ये ९ आणि २२ नंबरच्या क्रोमोसोमचे तुकडे अदलाबदल होतात, त्यातून एक बिघडलेलं प्रोटीन बनतं आणि ते पेशीला वाढ वाढ म्हणून सांगत राहतं. यातलं ते आखूड झालेलं क्रोमोसोम १९६० मध्ये सापडलं, ही अदलाबदल १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवली, आणि त्यावरची गोळी अमेरिकेत मंजूर झाली २००१ मध्ये. त्याच्या मुख्य ट्रायलमध्ये इमॅटिनिबनं सुरुवात केलेल्यांपैकी ८३ टक्के लोक दहा वर्षांनी हयात होते. ज्या आजारात पूर्वी काही वर्षांतच गाडी हाताबाहेर जायची त्या आजारात! मला अजूनही हा आकडा वाचला की भरून येतं. ब्रेस्ट कॅन्सरमध्ये हर-टू या प्रोटीनवरचं ट्रास्टुझुमॅब त्याच्याही आधी, १९९८ मध्ये आलं, आणि नंतर लंग कॅन्सरमध्ये ईजीएफआर, एएलके अशी एकेक टार्गेटं, म्हणजे औषधानं नेमके अडवायचे बिघाड, सापडत गेली.

अर्थात हे सगळ्यांना मिळत नाही. टेस्ट करतात, म्युटेशन, म्हणजे जीनमधला तो ठराविक बिघाड, सापडलं तर गोळी, नाही सापडलं तर दुसरा रस्ता. तो रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस आणि "तुमच्यात म्युटेशन नाहीये" हे ऐकणं, याचं दुःख वेगळंच असतं आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. आपल्या कॅन्सरमध्ये अमुक बिघाड असावा अशी प्रार्थना माणूस करतो, काय परिस्थिती आहे बघा.

बरं, गोळी मिळाली, लागू पडली, गाठी आकसल्या. मग? मग माणूस अशा जागी येऊन थांबतो जिला धड नाव नाही. बरा झालास असं कुणी म्हणत नाही, शेवटचे दिवस आहेत असंही नाही. चौथ्या स्टेजच्या बहुतेक पेशंटना डॉक्टर आधीच सांगतात की कधी ना कधी कॅन्सर या औषधाला दाद देईनासा होईल, रेझिस्टन्स येईल, मग पुढचं औषध बघू. कधी, ते कुणालाच सांगता येत नाही. लॉरलॅटिनिब, म्हणजे मावशी घेते ती गोळी, तिच्या मोठ्या ट्रायलचे पाच वर्षांचे आकडे २०२४ मध्ये आले, त्यात ६० टक्के लोकांचा आजार पाच वर्षांनंतरही वाढलेला नव्हता, जुन्या औषधावर हाच आकडा ८ टक्के. केवढा फरक! पण मावशीनं तो आकडा ऐकून पहिला प्रश्न काय विचारला, "आणि ते बाकीचे चाळीस?" तिला आकडेवारी कळत नाही असं अजिबात नाही, तिला ती फार नीट कळते, प्रश्न एवढाच की दर तीन महिन्यांनी आपण साठात की चाळिसात याची चिठ्ठी उघडावी लागते. स्कॅनच्या आधीचा आठवडा आणि रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. रिपोर्ट चांगला आला की महिनाभर सगळं हलकं, मग परत हळूहळू चढायला लागतं.

आता लॉरलॅटिनिबचा मुद्दा, कारण यासाठीच मी हे लिहायला बसले. एएलकेवाला कॅन्सर मेंदूत पसरण्याची शक्यता बरीच असते, म्हणून हे औषध मुद्दाम असं बनवलंय की ते रक्तातून मेंदूत शिरू शकेल. ते शिरतं, आणि तिथल्या गाठींवर जबरदस्त काम करतं. पण मेंदूत शिरलेलं औषध मेंदूवरही परिणाम करणारच ना. साधारण पाचातल्या एका पेशंटला मूडचा त्रास होतो, चिडचिड, रडू येणं, उदास वाटणं, किंवा उलट अचानक फार उत्साह. त्याहून जास्त लोकांना विसरायला होतं, लक्ष लागत नाही, शब्द सापडत नाही, काहींना भास होतात. बऱ्याचदा हे पहिल्या काही महिन्यांतच सुरू होतं.

मावशीच्या ऑन्कॉलॉजिस्टनी, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांनी, गोळी सुरू करतानाच काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "यांना स्वतःला कळेलच असं नाही, तुम्ही लक्ष ठेवा आणि लिहून ठेवा." काकांनी फोनमध्ये नोट्स सुरू केल्या. मी त्या वाचल्यात. "बुधवार. टीव्हीचा आवाज मोठा आहे म्हणून रिमोट भिंतीवर मारला. अर्ध्या तासानं विचारलं तर म्हणाली, मी कुठे चिडले?" "शुक्रवार. चमचा मागायचा होता, शब्द आठवेना, हातानं खूण केली आणि मग रडली." ज्या बाईनं जन्मात कुणाला वर आवाज करून बोललं नाही तिच्याबद्दल हे! नातेवाईक म्हणायला लागले होते की आजारानं खचलीय, देवाधर्मात मन गुंतवा, पॉझिटिव्ह राहा. पुढच्या व्हिजिटला काकांनी तो फोन डॉक्टरांसमोर ठेवला, डॉक्टरांनी काही दिवस गोळी थांबवली आणि मग १०० मिलिग्रॅमवरून ७५ वर आणली. दोन-तीन आठवड्यांत मावशी परत मावशी झाली. स्कॅनवर काही फरक पडला नाही. ती मला नंतर म्हणाली, "अगं मला वाटलं माझा स्वभावच सडला." म्हणजे जो औषधाचा साइड इफेक्ट होता तो ती स्वतःचा दोष म्हणून सहन करत होती. हे किती घरांत चालू असेल. म्हणून सांगते, घरच्यांना मूडमध्ये बदल दिसला तर तो जुलाब किंवा उलटीसारखाच डॉक्टरांना सांगायचा, तारखेसकट, आणि डोस आपल्या मनानं कमी करायचा नाही, ते डॉक्टरांचंच काम.

ईजीएफआरच्या गोळ्यांचा त्रास वेगळा, तो चेहऱ्यावर येतो. ईजीएफआर हे रिसेप्टर, म्हणजे पेशीला वाढीचा निरोप देणारी प्रोटीनं, त्वचेतही असतात, त्यामुळे चेहऱ्यावर, छातीवर मुरमांसारखं पुरळ उठतं, नखांच्या कडा सुजतात, शर्टाचं बटण लावताना कळ येते. बाहेर पडलं की लोक विचारतात, चेहऱ्याला काय झालं. ज्याला आपला आजार कुणाला सांगायचा नाहीये त्याचा आजार चेहराच सांगून टाकतो. डॉक्टर कधी कधी म्हणतात की पुरळ आलं म्हणजे औषध लागू पडतंय, आणि काही औषधांच्या बाबतीत तसा संबंध दिसलाही आहे, पण आरशासमोर उभ्या असलेल्या माणसाला त्यानं किती बरं वाटणार. इथे एक चांगली गोष्ट आहे, हे पुरळ यायची वाट बघायची नसते. पॅनिटुमुमॅब या ईजीएफआरवरच्याच औषधाचा २०१० मध्ये आलेला अभ्यास आहे, त्यात सुरुवातीपासूनच मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य स्टिरॉइड क्रीम आणि डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिल्यावर त्रासदायक त्वचाविकार २९ टक्क्यांना झाले, आणि त्रास झाल्यावरच उपचार केले त्या गटात ६२ टक्क्यांना. एवढ्या साध्या गोष्टीनं माणूस चारचौघांत जायचा थांबत नाही.

मला जो मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो "सौम्य" त्रासाचा. ट्रायलच्या तक्त्यात ग्रेड एक, ग्रेड दोन असं लिहिलेलं असतं आणि डॉक्टर सांगतात की बहुतेक त्रास सौम्यच आहेत. केमोच्या काळात ते ठीक होतं, चार दिवस जुलाब झाले, गेले. पण गोळी रोज आहे, वर्षानुवर्षं आहे. रोज दोनदा-तीनदा पोट बिघडणं, रोज संध्याकाळी पायात गोळे, रोजचा तो थकवा जो झोपून जात नाही, याला सौम्य म्हणणारा माणूस तो एक वर्ष अंगावर काढून बघू देत. आणि मग लोक गोळी चुकवायला लागतात. मुद्दाम नाही, आज लग्न आहे म्हणून, आज प्रवास आहे म्हणून, आज जरा माणसात असल्यासारखं वाटू दे म्हणून. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमधला २०१० चा एक अभ्यास मी परत परत वाचला. इमॅटिनिब घेणाऱ्या ८७ लोकांच्या बाटलीला असं झाकण बसवलं होतं की ते कधी उघडलं याची नोंद राहील. ज्यांनी ९० टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांच्यात सहा वर्षांत चांगला मॉलिक्युलर रिस्पॉन्स (म्हणजे रक्ताच्या टेस्टमध्ये आजाराचा अंश अगदी कमी दिसणं) मिळण्याची शक्यता साधारण ९५ टक्के, आणि ९० टक्के किंवा त्याहून कमी घेणाऱ्यांत २८ टक्के! महिन्यात तीन-चार गोळ्यांचा फरक. आता सांगा, खचलेल्या, एकट्या पडलेल्या, झोप न झालेल्या माणसाकडून रोज न चुकता गोळीची अपेक्षा करायची आणि त्याच्या मनाची चौकशी करायची नाही, हे बसतं का कुठे?

मनावर उपचार केले तर फायदा होतो का, यावर चांगलं काम झालेलं आहे. जिमी हॉलंड या सायकिअ‍ॅट्रिस्टनी न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये १९७७ पासून याची पायाभरणी केली, आज कॅन्सर पेशंटला "गेल्या आठवड्यात शून्य ते दहामध्ये त्रास किती" असं विचारतात ती डिस्ट्रेस थर्मामीटरची पद्धत त्यांच्याच प्रयत्नांतून आली, चार किंवा वर आकडा आला की पुढे चौकशी करायची. ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये डिप्रेशन असलेल्या ५०० कॅन्सर पेशंटचा ट्रायल प्रसिद्ध झाला, त्यात खास ट्रेनिंग घेतलेल्या नर्स आणि सायकिअ‍ॅट्रिस्ट कॅन्सरच्या टीमबरोबरच काम करत होते. सहा महिन्यांनी या गटातल्या ६२ टक्के लोकांचं डिप्रेशन निम्म्यानं तरी कमी झालं, नेहमीची ट्रीटमेंट मिळालेल्यांत हा आकडा १७ टक्के. ते पेशंट बऱ्यापैकी चांगल्या प्रोग्नोसिसवाले, म्हणजे पुढे बरेच दिवस जगण्याची शक्यता असलेले, होते, पण लंग कॅन्सरसाठी वेगळा ट्रायल झाला तिथेही फायदा दिसलाच. आणि २०१७ मधला अमेरिकेतला अभ्यास तर मला फार आवडतो, ७६६ लोक, केमोवर असलेले, त्यांतल्या एका गटानं आपले त्रास दर आठवड्याला ऑनलाइन भरायचे आणि जास्त त्रास असला की नर्सला मेसेज जायचा. बस, एवढंच. या गटाचं मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे लोक त्याहून जास्त जगले) ३१ महिने निघालं, दुसऱ्या गटाचं २६. नुसतं विचारल्यानं आणि ऐकल्यानं पाच महिने! रोज गोळी घेऊन घरीच असलेल्या, डॉक्टरांना महिनोन् महिने न भेटणाऱ्या पेशंटसाठी तर अशी सोय आणखी गरजेची आहे असं माझं ठाम मत आहे.

मनाची औषधं घेताना मात्र एक काळजी घ्यावीच लागते. सायकिअ‍ॅट्रिस्टकडे जाताना कॅन्सरच्या गोळीचं नाव, डोस, सगळं घेऊन जा आणि ऑन्कॉलॉजिस्टना मनाच्या गोळीचं नाव सांगा. कार्बामॅझेपिन मूडसाठी देतात, पण लॉरलॅटिनिबबरोबर ते चालत नाही, त्या जातीची औषधं लॉरलॅटिनिबबरोबर घेतली तर लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते. ऑसिमर्टिनिब या ईजीएफआरच्या गोळीमुळे ईसीजीमध्ये क्यूटी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यातला एक काळ, लांबू शकतो आणि सिटॅलोप्रॅम या डिप्रेशनच्या गोळीमुळेही, म्हणून दोन्ही एकत्र द्यायची तर डॉक्टर विचार करून देतात. आणि "नॅचरल आहे, काही होत नाही" म्हणून घेतलं जाणारं सेंट जॉन्स वर्ट रक्तातलं इमॅटिनिब कमी करतं, म्हणजे उदासीसाठी घेतलेली वनस्पती कॅन्सरच्या औषधाचाच जोर घालवते. हे घरच्यांना माहीत असणं फार गरजेचं आहे.

रिसर्चमध्ये दिशा बदलतेय हे बघून बरं वाटतं. केमोच्या काळापासून पद्धत अशी होती की सहन होईल तेवढा जास्तीत जास्त डोस शोधायचा. टार्गेटेड औषधाला तेवढ्या डोसची गरज असतेच असं नाही, आणि औषधांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएनं २०२१ मध्ये प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू करून कंपन्यांना सांगितलं की वेगवेगळे डोस नीट तपासून योग्य तो ठरवा. सीएमएलमध्ये तर पुढची पायरी आली, फ्रान्समधल्या ट्रायलमध्ये दोन वर्षं आजार पूर्ण दबलेल्या १०० लोकांची गोळी थांबवली, सुमारे ४० टक्क्यांचा आजार वर्षभरानंतरही परत आला नव्हता, आणि ज्यांचा आला त्यांच्यातल्या बहुतेकांचा गोळी परत सुरू केल्यावर आटोक्यात आला. तरी काही लोक गोळी थांबवायला तयार होत नाहीत, आणि मला ते अगदी समजतं, रोजची ती गोळीच आपल्याला धरून आहे असं वाटणार ना.

मावशीच्या गोळीबद्दल मला आता एवढंच हवंय की पुढच्या ट्रायल्समध्ये ७५ आणि ५० मिलिग्रॅमवर माणसं कशी जगतात, त्यांची झोप, मूड, कामावरचं लक्ष कसं राहतं, हे पेशंटला आणि घरातल्या एका माणसाला, दोघांनाही विचारून नोंदवावं, आणि गाठीचे आकडे छापतात त्याच तक्त्यात छापावं.