मुलीच्या व्हायोलिनचा तास किती मिनिटांचा असावा?

लेक साडेसहा वर्षांची असताना व्हायोलिन शिकायचं म्हणाली. शिकवणाऱ्या बाई मिळाल्या, तिच्या मापाचं छोटं व्हायोलिन आणलं. क्लास किती वेळाचा घ्यायचा, यावर मात्र मी दोन मिनिटंसुद्धा विचार केला नाही. बाईंकडे ३०, ४५ आणि ६० मिनिटं असे तीन पर्याय होते. मी ६० सांगून मोकळा झालो. आपण शिकवणीला ‘तास’च म्हणतो, त्यामुळे तो तासाभराचा असणार हे डोक्यात पक्कं होतं. शिवाय आठवड्यातून एकदाच जायचं, तर भरपूर शिकून येऊ दे, असा हिशेब. बाई म्हणाल्या, “लहान आहे हो ती. अर्ध्या तासाने सुरुवात करूया.” मी म्हटलं, “तिला फार आवड आहे, बसेल ती.”

आणि ती बसली. चुळबूळ नाही, तक्रार नाही. म्हणून सगळं छान चाललंय असं मी दोन महिने समजत राहिलो. घरी मात्र चित्र वेगळं होतं. सरावाला बसलो की मी विचारायचो, “बाईंनी काय काय दिलंय?” पहिली गोष्ट ती घडाघडा सांगायची, दुसरी चाचपडत, आणि पुढचं काही आठवतच नसे. बाई तासाभरात पाच-सहा गोष्टी घ्यायच्या, त्यातल्या दोन घरी पोचायच्या. उरलेल्या तीन-चार न केल्याची रुखरुख घेऊन ती पुढच्या क्लासला जायची. तिसऱ्या महिन्यात क्लासच्या दिवशी तिच्या पोटात दुखायला लागलं. ते दुखणं खरं होतं. मी तिला एकदाही ‘नाटकं करू नकोस’ म्हटलं नाही, याचं आज बरं वाटतं.

बाईंची परवानगी घेऊन मी कोपऱ्यात बसू लागलो. हातात वही, समोर भिंतीवरचं घड्याळ. ओळीने चार क्लासच्या नोंदी केल्या आणि चारही आठवडे जवळपास सारखंच दिसलं. पहिली नऊ मिनिटं तारा जुळवणं, शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखालचा खांद्याचा आधार) बसवणं, ‘बो’ला म्हणजे वाजवायच्या गजाला रोझिन (राळ) लावणं यात जात. तिथून बाविसाव्या मिनिटापर्यंत मुलगी खुललेली असे. चोविसाव्या मिनिटाच्या आसपास ‘बो’वरची करंगळी, जी गोल वाकलेली हवी, ती काडीसारखी ताठ होई. मग व्हायोलिनचं टोक हळूहळू जमिनीकडे कलायला लागे. बाई हलक्या हाताने ते वर उचलत, दोन सुरांनंतर ते पुन्हा खाली. पस्तिसाव्या मिनिटाला बाई वाद्य खाली ठेवायला लावून टाळ्यांवर ताल घ्यायच्या, तेव्हा ती परत जागी व्हायची. पण पन्नासनंतर बाई काहीही विचारोत, उत्तर एकच: “हो.” कळलं का? हो. घरी करशील ना? हो. ते ‘हो’ ऐकताना मला फार वाईट वाटलं.

वहीतून आणखी एक गोष्ट कळली, जी आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. मी फक्त लक्ष किती वेळ टिकतं याचा विचार करत होतो. व्हायोलिनमध्ये त्याआधी शरीर दमतं. पियानोचं वजन जमीन पेलते. व्हायोलिन मुलीच्या हनुवटीखाली आणि खांद्यावर असतं, डावा हात सतत उचललेला, मनगट वळलेलं, आणि उजव्या हाताने बो तोलायचा. सहा-सात वर्षांच्या मुलाला हे नवीनच असतं. म्हणून पियानो शिकणाऱ्या त्याच वयाच्या मुलाला ४५ मिनिटं जमतात, यावरून आपल्या मुलीचा अंदाज बांधता येत नाही. वयावरून वेळ ठरवणं मला तेव्हापासून पटेनासं झालं.

आम्ही ३० मिनिटांवर आलो. पण त्यातली नऊ मिनिटं तारा जुळवण्यात गेली तर उरणार किती? म्हणून तारा जुळवायला मी शिकलो. संगीताचं शिक्षण नसलेल्या पालकालाही हे जमतं. खर्जाकडून वर जाताना चार तारा जी, डी, ए, ई अशा, प्रत्येक पुढची तार मागचीच्या पंचमावर, म्हणजे सा ते प एवढ्या अंतरावर. आधी ए तार ४४० हर्ट्झला आणायची, मग बाकीच्या. लहान मुलांच्या व्हायोलिनवर बहुधा खाली टेलपीसवर (तारांची खालची टोकं अडकवतात त्या पट्टीवर) चारही तारांना बारीक स्क्रू असतात, थोडाफार फरक तिथेच काढायचा. खुंटीला हात लावायचा तो तार फारच उतरली असेल तर, आणि खुंटी पिळताना आत दाबत राहायचं, नाहीतर ती सटकते. हे कळायच्या आधी मी एक ई तार तोडली. ती बारीक असते, कट्‌कन तुटते, आणि लेक दचकून रडायला लागली. तेव्हापासून त्या तारेला खुंटीवरून हात लावताना चेहरा लांब ठेवतो आणि मुलीलाही दूर उभी करतो.

क्लासला दहा मिनिटं आधी पोचायचं, बाहेरच तारा जुळवायच्या, रोझिन लावायचं. आत गेल्यावर पहिल्या मिनिटाला पहिला सूर. पोटात दुखणं दोन आठवड्यांत थांबलं. बाई आता तीनच गोष्टी द्यायच्या आणि तिन्ही घरी पोचायच्या. क्लासची लांबी मी आजही यावरूनच मोजतो: क्लासमधलं किती घरी येतं आणि आठवडाभर किती टिकतं.

बाईंनी याच काळात मला शिनिची सुझुकींबद्दल सांगितलं. १८९८ ते १९९८ असं शतकभराचं आयुष्य लाभलेले हे जपानी व्हायोलिनवादक. मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून शिकतं तसंच संगीत शिकेल, या विचारावर त्यांनी आपली पद्धत उभी केली. त्यात पालक क्लासमध्ये बसतो, टिपणं घेतो आणि घरचा सराव तोच बघतो. मुलं एकमेकांचे क्लासही बसून बघतात. आमच्या बाई त्या पद्धतीच्या नाहीत, पण एवढं त्यांनी उचललं. आमच्या आधीच्या मुलाची शेवटची दहा मिनिटं लेक शांत बसून बघायला लागली. हातात वाद्य नाही, कुणी काही विचारत नाही. त्या दहा मिनिटांत ती किती टिपते हे घरी आल्यावर कळायचं.

मधल्या काळात आठवड्यातून दोनदा, अर्ध्या-अर्ध्या तासाचा प्रयोगही केला. एका दमात घोकण्यापेक्षा तेच पाठांतर दिवसांत विभागलं तर जास्त टिकतं, हे हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्वतःवर प्रयोग करून मांडलं होतं. वाद्याच्या बाबतीत मला त्याहून मोठा फायदा दिसला: बो चुकीचा धरला गेला तर ती चूक सात दिवस घोटली जात नाही, तीन दिवसांत सुधारते. अगदी नवशिक्या मुलाला शक्य असेल तर एका लांब क्लासपेक्षा दोन छोटे क्लास द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. आम्हाला ते दोन महिन्यांवर पेललं नाही. शाळा आणि खेळ सांभाळून तिला मोकळा वेळच उरेना, म्हणून सोडलं.

४५ मिनिटांवर जायचा विचार ती आठ वर्षांची झाल्यावर आला, पण वाढदिवस झाला म्हणून नाही. स्केल (सुरांची चढती-उतरती ओळ), जुनी धून, नवी धून, थोडं स्वरलेखन वाचणं, एवढं अर्ध्या तासात बसेना. नवी धून शेवटच्या तीन मिनिटांत एकदाच वाजवून व्हायची. बो कुठे वर, कुठे खाली, याच्या खुणा करायच्या राहून जायच्या आणि घरी आमचा गोंधळ उडायचा. घरचा सराव दहा मिनिटांवरून पंचवीसवर गेला होता, तोही मी न सांगता. आणि सलग तीन आठवडे, व्हायोलिन पेटीत ठेवायची वेळ आली की ती विचारायची, “बाई, आणखी एकदा वाजवू?” बाईंचा एक ठोकताळा आहे: घरचा रोजचा सराव क्लासच्या वेळेच्या निम्म्याहून कमी असेल तर क्लास वाढवायचा नाही. त्या मापाने ती तयार होती.

तरी मी या वेळी आधीच विचारून घेतलं, “नाही झेपलं तर परत ३० वर येता येईल ना?” बाई म्हणाल्या, “चार क्लास बघा, मग बोलू.” दुसरा क्लास फार वाईट गेला. तिला खोकला होता, पंचविसाव्या मिनिटाला डोळे भरून आले. मी घरी येताना ठरवूनच टाकलं होतं की झालं, मागे फिरायचं. पण चारचं बोलणं झालं होतं म्हणून थांबलो. तिसऱ्यात वहीत लिहायला विसरलो, इतकं छान चाललं होतं. चौथ्यात एकेचाळिसाव्या मिनिटालाही करंगळी गोल होती.

आता ती नऊ वर्षांची आहे, क्लास ४५ मिनिटांचाच आहे. तासाभराचा विषय बाईंनी काढलेला नाही, मीही काढलेला नाही. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा चारही तारा स्वतः जुळवल्या. मी सवयीने दहा मिनिटं आधी बाहेर जुळवून देणार होतो, तर बाईंनी दारातूनच सांगितलं, “राहू द्या, तिला आत घेऊन या.” सहा मिनिटं लागली. बाईंनी ती क्लासमध्येच धरली.