भराव, बावड्या आणि बेसाल्ट: इंदूरचा नकाशा करताना

एम.टेक.च्या प्रबंधासाठी मी इंदूरच्या जुन्या भागाचा अभियांत्रिकी भूशास्त्रीय नकाशा केला. रामबागेपासून जुनी इंदूरपर्यंतचा, खान आणि सरस्वती नद्यांच्या काठचा पट्टा, प्रमाण 1:10,000. साधा भूशास्त्रीय नकाशा खाली खडक कोणता आहे ते सांगतो. तिथे घर बांधलं, पूल उभारला, ड्रेनेजची लाइन टाकली तर जमीन कशी वागेल, हे या नकाशाने सांगायचं असतं. आईची मात्र शेवटपर्यंत खात्री होती की मी मेट्रोत कामाला लागले आहे.

खडकाचं कोडं फारसं नव्हतं. सगळं इंदूर दख्खनच्या बेसाल्टवर बसलंय, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. वरून खाली काळी माती, पिवळी माती, मुरूम, झिजलेला दगड आणि मग घट्ट काळा दगड. पुस्तकात हा क्रम एका आकृतीत मावतो; शहरात वर डांबर आणि पेव्हर ब्लॉक. दोनच ठिकाणी जमीन उघडी मिळायची. उन्हाळ्यात नदीच्या पात्रात आणि बेसमेंटच्या खड्ड्यांत. खड्डा खणलेला दिसला की पीसीसी, म्हणजे तळाचा काँक्रीटचा थर, पडायच्या आत पोचायचं. होकायंत्र आणि हातोडी बघून पहिला प्रश्न ठरलेला: "मॅडम, निगम से हो क्या?" नाही म्हटलं की चहा मिळायचा.

मग माती तपासणीचे जुने रिपोर्ट. नाव आणि प्लॉट नंबर झाकून का होईना, काही इंजिनिअरांनी दिले. त्यात एसपीटीचे, म्हणजे जमीन किती टणक आहे ते बघणाऱ्या चाचणीचे, आकडे असतात: 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटरवरून सोडायचा आणि नमुन्याची नळी शेवटचे 30 सेंटिमीटर आत जायला किती घाव लागले ते मोजायचं. घाव 50 च्या वर गेले की लिहितात 'रिफ्यूजल', आणि पुष्कळदा तिथेच 'खडक लागला' अशी नोंद होते. बेसाल्ट मात्र कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्याने झिजतो आणि मुरमात मधेमधे टणक गोळे शिल्लक राहतात. बोअर अशा गोळ्यावर टेकला तर रिपोर्टातला खडक खोटा. त्यामुळे आणखी दोन-तीन मीटर खाली जाऊन गाभा (खडकाचा अखंड दंडगोल नमुना) काढलेला नसेल, तर ती नोंद मी प्रश्नचिन्ह घालूनच वापरली.

त्यापेक्षा बोरिंगवाल्या दादांची माहिती सरस निघाली. बाहेर उडणाऱ्या भुकटीच्या रंगावरून ते थर सांगतात. "लाल माटी आली की भोक ढासळतं, ताई." ही लाल माती म्हणजे लाव्ह्याच्या दोन थरांमधली जुनी पृष्ठभागाची पट्टी. कित्येक रिपोर्टांत तिचं नावही नाही.

काळ्या मातीसाठी प्रयोगशाळेत फुगण्याची चाचणी केली. वाळवलेली, 425 मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली माती, 10-10 ग्रॅम, दोन नळ्यांत. एकीत डिस्टिल्ड वॉटर, दुसरीत केरोसीन, कारण केरोसीनमध्ये ही माती फुगत नाही. (हल्ली केरोसीन मिळवणं हा वेगळा प्रबंध होईल.) 24 तासांनी बघितलं तर केरोसीनमधली माती 11 मिलिलिटरवर मुकाट बसलेली आणि पाण्यातली 21 वर चढलेली, नळी तिरकी केली तरी न हलणारी. म्हणजे वाढ 90 टक्क्यांच्या आसपास. हे मॉन्टमोरिलोनाइट या चिकणखनिजाचं काम. उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात फुगवटा, आणि बिचारी कंपाउंड वॉल मधल्यामध्ये तडकते.

खरी झोप उडवली ती भरावाने, म्हणजे माणसांनी झाकलेल्या-बुजवलेल्या जागांनी. 30 मार्च 2023 ला, रामनवमीच्या दिवशी, आमच्याच शहरात एका मंदिरातल्या बावडीवरचा (पायऱ्यांच्या विहिरीवरचा) स्लॅब खचला आणि 36 माणसं गेली. झाकलेल्या बावड्या, बुजवलेल्या विहिरी, वळवलेले नाले कुठल्याच टोपोशीटवर, म्हणजे सरकारी स्थलदर्शक नकाशावर, नीट सापडत नाहीत. मग मी ओटल्यांवर बसायला लागले. रामबागेतल्या एका आजींना विचारलं, "आजी, इथे विहीर होती का हो?"

"होती म्हणजे? अगं, त्या स्कूटर लावल्यात ना, त्यांच्याखाली. गणपती तिथंच शिरवायचो आम्ही. पुढे घरं पाडली, त्याचा मलबा टाकला त्यात."

अशा जागा मी तुटक रेघेने दाखवल्या. गाइड सरांचं म्हणणं, तोंडी माहिती नकाशावर कशी घेणार? दोघातिघांनी वेगवेगळं विचारल्यावर एकच जागा दाखवली तरच घ्यायची, असं ठरलं. एका गल्लीत तर पुरावाच हाती आला. ड्रेनेजसाठी खोदलं, तेव्हा शेजारच्या प्लॉटमध्ये जिथे मुरूम लागला होता त्याच खोलीवर इथे विटांचे तुकडे, चिंध्या आणि काळा गाळ निघाला. आजोबांनी सांगितलेला नाला तिथूनच जायचा.

व्हायव्हाला बाहेरच्या परीक्षकांनी नेमकं त्या रेघांवरच बोट ठेवलं. मी वही पुढे केली: कोणती जागा, सांगणाऱ्याचं वय, कधी बुजवली, कशाने. त्यांनी पानं उलटली, गल्लीतल्या खड्ड्याचे फोटो बघितले. भरावाचा रंग फिकट करा आणि सूचीत 'रहिवाशांच्या माहितीवरून. बोअर घेऊन खात्री करावी' असं लिहा, एवढीच दुरुस्ती सांगितली. तेवढी करून प्रबंध जमा केला.