तोब्रुक: वेढ्याचे बंदर आणि मराठा पलटणीची आघाडी

लिबियातील तोब्रुकला जाणारे बहुतेक प्रवासी युद्धस्मशानभूमी पाहून आणि बंदरावर नजर टाकून परततात. मराठी माणसाने मात्र शहराच्या आग्नेयेला, अल-अदमच्या रस्त्यापलीकडील पठारावर निदान अर्धा दिवस काढावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. कारण दुसऱ्या महायुद्धात २० जून १९४२ रोजी जर्मन सेनापती रोमेलच्या फौजा संरक्षक फळी फोडून आत शिरल्या त्या याच भागातून, आणि तेथे उभी होती ब्रिटिश हिंदी सैन्यातील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण.

येथे वाळूच्या टेकड्या नाहीत. खडकाळ, उघडे माळरान आहे आणि लपायला झुडूपही मिळत नाही. इटालियनांनी बांधलेली मोर्च्यांची ठाणी जमिनीच्या पातळीतच असल्याने अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाहीत. मग एकाएकी पायांपुढे काँक्रीटचा अरुंद चर उघडतो. काठ झिजलेले, तळाशी वाऱ्याने आणलेली माती. असाच एक चर पाहताना मला प्रथमच उमगले की रणगाडा समोर आला असता आतल्या शिपायाला मागे सरकायला जागाच नव्हती.

१९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि नंतर ब्रिटिश व पोलिश सैनिकांनी हेच बंदर सुमारे आठ महिने लढवले होते, रात्रीच्या अंधारात समुद्रमार्गे येणाऱ्या रसदीच्या आधारावर. पुढच्या वर्षी परिस्थिती पालटली होती. रणगाडाविरोधी खंदक जागोजागी बुजला होता आणि तोफाही अपुऱ्या होत्या. पहाटे विमानांनी मराठ्यांच्या ठाण्यांवर बॉम्बवर्षाव केला, त्यामागून रणगाडे आले, आणि संध्याकाळपर्यंत जर्मन बंदरात पोहोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी तोब्रुकच्या फौजेचे सेनापती, दक्षिण आफ्रिकेचे जनरल क्लॉपर यांनी शरणागती पत्करली. सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. एका दिवसात पडलेल्या या ठाण्याचा दोष आघाडीवरच्या पलटणीच्या माथी मारणे मला अन्यायाचे वाटते.

जाण्यापूर्वी परराष्ट्र मंत्रालयाच्या ताज्या सूचना वाचाव्यात. परिस्थिती बिघडलेली असेल तर बेत पुढे ढकलावा. स्थानिक वाटाड्याशिवाय पठारावर पाऊल टाकू नये, मळलेली वाट सोडू नये आणि कोणताही धातूचा तुकडा उचलू नये, कारण युद्धकाळातील सुरुंग आणि न फुटलेले गोळे या भागात आजही सापडतात. बंदराची छायाचित्रे परवानगीशिवाय काढू नयेत. गिबली हा दक्षिणेकडून येणारा तप्त, धुळीचा वारा मुख्यतः वसंतात वाहतो, म्हणून हिवाळा उत्तम.

घराण्यातील कोणी येथे कामी आला असेल, तर त्याचे नाव आधी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर शोधावे. इजिप्त व लिबियात ज्या सैनिकांच्या पार्थिवांचे धर्माप्रमाणे दहन झाले, त्यांपैकी ६०० हून अधिक जणांची नावे तोब्रुकला नव्हे, तर इजिप्तमधील अल-अलामेनच्या दहनस्मारकावर कोरलेली आहेत. तसे असल्यास प्रवासाची आखणी अलेक्झांड्रियाहून करावी. तेथून अल-अलामेन रस्त्याने साधारण १०० किलोमीटरवर आहे आणि त्यासाठी लिबियाचा व्हिसा लागत नाही.